थर आडवा नव्हता: नीमचकडच्या एका चुनखडी खदानीतल्या भेगेचं प्रकरण

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. इंदूरला राजेंद्रनगरात खदानीच्या मॅनेजरच्याच घरी आम्ही पंगतीला बसलो होतो आणि पुरणपोळी वाढायला तो स्वतः फिरत होता. त्याच्या आईची आणि माझी वीस वर्षांची ओळख, म्हणून मला आमंत्रण. कामाचा काही संबंध नव्हता. दुसऱ्या वाढीला त्याचा फोन वाजला. खदानीवरचा सर्व्हेअर होता. "सर, वरच्या बेंचवर जमीन फाटलीय. हात जातोय आत." (बेंच म्हणजे खदानीच्या भिंतीतली पायरी.)

खडकांचा अभ्यास हे माझं काम, म्हणून मॅनेजरने फोन तसाच माझ्या हातात दिला. मी सर्व्हेअरला दोनच गोष्टी विचारल्या. भेग कड्याच्या काठापासून किती मागे आहे, आणि खाली कोणी काम करतंय का? बारा मीटर मागे, तो म्हणाला. आणि हो, खाली पोकलेन चालू आहे. आधी पोकलेन बाहेर काढ, मग भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या ठोक, दोन सळ्यांमधलं अंतर स्टीलच्या टेपने मोज आणि उद्यापासून रोज सकाळी सातला तेच मोजत राहा, एवढं सांगून मी ताटावर परत आले. आंबील प्यायची राहून गेली.

(खाण न म्हणता खदान म्हणते, कारण आम्ही इंदूरकर तसंच म्हणतो. पुण्याच्या वाचकांनी चालवून घ्यावं.)

जागा कशी होती

नीमच, निंबाहेडा, चित्तोड हा सगळा पट्टा सिमेंटच्या चुनखडीचा. खडक विंध्य समूहाचा, दीड अब्ज वर्षांहून जुना, नाव निंबाहेडा चुनखडक. राखी, कुठे गुलाबी, पातळ थरांचा. आणि थरांच्या मधे मधे शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या मऊ खडकाच्या, पट्ट्या, काही नखाएवढ्या तर काही बोटभर. त्याच्यावर सुकेत शेल. या भागात विंध्य थर बहुतेक ठिकाणी शांत पडलेले असतात. चार-पाच अंशांचा उतार, डोळ्याला आडवाच वाटतो. पण चित्तोडकडून ग्रेट बाउंड्री फॉल्ट, म्हणजे खडकातला मोठा प्रस्तरभंग, जातो आणि त्याच्या शेजारपाजारचे थर मधेच वाकतात, दुमडतात. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं. खदानीच्या नकाशावर मात्र त्याची खूण नव्हती.

नकाशावर काय होतं? बोअरहोलच्या जागा आणि प्रत्येक होलमधलं कॅल्शियम ऑक्साइड, सिलिका, मॅग्नेशिया. क्रशरला काय हवं याचा पूर्ण हिशेब होता. थर कोणत्या बाजूला किती झुकलाय, म्हणजे त्याची नती, ही एका जागीही लिहिलेली नव्हती. होलचे गाभे, म्हणजे बोअरमधून निघालेले खडकाचे दांडके, पेटीत भरून ठेवलेले होते, पण बोअर करताना त्यांची दिशा नोंदली नव्हती, त्यामुळे थर कोणत्या बाजूला झुकलाय हे आता त्यांवरून कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गौरी विसर्जनाच्या आधीच आम्ही गाडी काढली. रतलाम, मंदसौर करत पाच तास. दुपारी मी पश्चिमेच्या भिंतीसमोर उभी राहिले. बाकीच्या तीन भिंतींत थर वहीच्या ओळींसारखे सरळ. या एका कोपऱ्यात ते खदानीकडे कलले होते. ब्रंटन (थराची दिशा आणि उतार मोजायचं होकायंत्र) लावला. अठ्ठावीस अंश, आणि कल बरोबर खड्ड्याच्या आत.

भिंतीची उंची अठरा मीटर होती. ती तशी नसायला हवी होती. आराखड्यात नऊ-नऊ मीटरचे दोन बेंच आणि मधे सहा मीटर रुंदीचा बर्म, म्हणजे सपाट सोडलेला पट्टा, होता. मागच्या हिवाळ्यात क्रशरला दगड कमी पडत होता, तेव्हा तो बर्म "खाल्ला" गेला. शब्द तिथलाच, फोरमनच्या तोंडचा. सोपा दगड, हाताशी आलेला, ओव्हरबर्डन (दगडावरची काढून टाकायची माती) नाही. दोन बेंच मिळून एक उभा फेस (कापलेली भिंत) झाला, पंच्याहत्तर अंशांचा. नियमात हे बसतं का, असं मॅनेजरने मला विचारलं. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ चा १०६ वा नियम माती-मुरुमाला आकडा देतो: पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त उतार नको, नाहीतर दीड मीटरचे बेंच करा. कठीण खडकाला मात्र तो आकडा देत नाही, बाजू "पुरेशा" बेंचच्या, उताराच्या किंवा आधार दिलेल्या असाव्यात एवढंच म्हणतो. माझ्या मते ते बरोबरच आहे, कारण खडकाला एक आकडा लावताच येत नाही. पण "पुरेशा" ठरवायला कोणीतरी थर मोजलेला असावा लागतो. आणि यांत्रिक खदानीची उंची-रुंदी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परवानगीत लिहिलेली असते. तिथे नऊ मीटर होतं. म्हणून उत्तर सोपं होतं. बसत नाही.

बोटभर शेल

एखादा ठोकळा थरावरून घसरायचा तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. थर खड्ड्याकडे झुकलेला हवा, आणि त्याची दिशा भिंतीशी साधारण समांतर हवी. त्याचा उतार भिंतीच्या उतारापेक्षा कमी हवा, म्हणजे तो भिंतीच्या पायाशी किंवा पोटात उघडा पडतो. आणि तो उतार थरावरच्या घर्षणकोनापेक्षा, म्हणजे ज्या उतारावर वरचा दगड घसरू लागतो त्यापेक्षा, जास्त हवा. पहिल्या दोन गोष्टी डोळ्याला दिसत होत्या. बर्म होता तोवर खालचा दगड या थराला पायाशी टेका देत होता. बर्म गेला आणि थराचं टोक हवेत आलं. फसवी होती ती तिसरी.

स्वच्छ चुनखडीचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर घर्षणकोन पस्तिसाच्या आसपास येतो. ऑफिसच्या ओट्यावर आम्ही दोन फरशा घेऊन एक बाजू उचलत पाहिलं, तो तसाच आला. म्हणजे निव्वळ चुनखडी असती तर अठ्ठावीस अंशांवर हा ठोकळा हललाच नसता. मॅनेजर तेवढ्यावर खूश झाला. मग मी त्याला भिंतीच्या कडेला, जिथे जवळ जाणं सुरक्षित होतं तिथे नेलं आणि तोच थर दाखवला. दोन चुनखडींच्या मधे दीड-दोन सेंटीमीटरची शेल होती, पावसाने कुजून चिकणमाती झालेली. चिमटीत धरली तर साबणासारखी लागत होती. तिचा घर्षणकोन मी बावीस धरला. थर थोडा लहरता आहे म्हणून चिकटपणा पन्नास किलोपास्कल धरला. यातला दुसरा आकडा अंदाजाचा होता, हे तेव्हाही कागदावर लिहिलं होतं.

चुनखडीच्या मधल्या चिकणमातीने किती मोठा डोंगर उतरू शकतो, याचं उदाहरण आमच्या शास्त्रात सगळ्यांना पाठ असतं: इटलीतलं वायोंत, ९ ऑक्टोबर १९६३. धरणाच्या जलाशयात सुमारे सत्तावीस कोटी घनमीटर डोंगर घसरला, धरण उभंच राहिलं, पण उसळलेल्या लाटेने खालची गावं नेली आणि दोन हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथलेही थर चुनखडीचे आणि मधे मातीच्या पातळ पट्ट्या. आमच्या ठोकळ्याशी त्याची तुलना नाही, पण पट्टीची जाडी तुलनेसारखी होती.

आमचा ठोकळा: भेग काठापासून बारा मीटर मागे, म्हणजे भूमितीने ती नऊ मीटर खोल जाऊन त्या थराला मिळते. भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ४७० टन. भेगेची लांबी चोवीस मीटर, दोन्ही टोकांना भेगेला छेदणाऱ्या सांध्यांनी, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक चिरांनी, कापलेली. एकूण अकरा हजार टनांच्या वर.

सुरक्षा गुणांक म्हणजे ठोकळ्याला धरून ठेवणारं बळ भागिले खाली ओढणारं बळ; तो एकाच्या खाली गेला की ठोकळा घसरतो. भेग कोरडी असेल तर तो १.२० येत होता. अर्धी भरली तर १.०७. दोन तृतीयांश, म्हणजे सहा मीटर पाणी, तर बरोबर १. काठोकाठ भरली तर ०.८७. पाणी मागून ढकलतं आणि त्याच वेळी थराखाली शिरून ठोकळ्याला उचलतं. दुसरं पहिल्याइतकंच घातक असतं, पण डोळ्याला दिसत नाही.

इथे माझी चूक सांगायला हवी. हा हिशेब मी दोन दिवस करत बसले. मातीचा नमुना काढून इंदूरला पाठवायचा, कातरणाची चाचणी करवायची, मग बोलायचं, असं माझ्या मनात होतं. आणि सबंध वेळ, काठाच्या पंचवीस मीटर मागे, काळ्या मातीच्या सहा मीटर उंच ढिगाआड, पाण्याचं एक भलंमोठं डबकं होतं. ओव्हरबर्डनचा ढीग नैसर्गिक ओहोळाच्या वाटेत टाकलेला आणि पाणी अडलेलं. मी त्याच्या कडेने चार वेळा चालत गेले. भिंतीच्या पायाशी शेलच्या रेघेतून पाणी झिरपत होतं, सर्व्हेअरने पंधरा लिटरची बादली लावून ती पन्नास सेकंदांत भरते हेही मोजलं होतं. पंप खदानीच्या सम्पवर (तळाच्या पाणी साठवायच्या खड्ड्यावर) रिकामा पडून होता. पहिल्या संध्याकाळीच तो वर न्यायला सांगायला हवा होता, गुणांक नंतर काढता आला असता.

सळ्यांचे आकडे

सर्व्हेअरच्या वहीत रोजची वाढ अशी होती, मिलीमीटरमध्ये: तीन, तीन, चार. तीन दिवस पाऊस नव्हता. क्रशरकडून मॅनेजरला रोज फोन. "रोज तीन मिलीमीटर म्हणजे काहीच नाही," हे वाक्य मी त्या तीन दिवसांत तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. तडजोड म्हणून भेगेखालची साठ मीटरची पट्टी बंद ठेवली गेली, पण तिच्या पुढून जाणारा हॉल रोड (डंपरांचा रस्ता) चालूच राहिला. मी लेखी आक्षेप दिला आणि तेवढ्यावर थांबले. थांबायला नको होतं.

तिसऱ्या रात्री पाऊस आला. पुढचे आकडे सहा, नऊ, चौदा.

वेग वाढत असेल तर त्याचा उलटा घ्यायचा, म्हणजे एक भागिले रोजची वाढ, आणि तो दिवसांपुढे मांडायचा. जपानच्या फुकुझोनोने १९८५ मध्ये हे मांडलं. खडक कोसळायच्या वाटेला लागला की ही रेघ शून्याकडे उतरते, आणि शून्याला कुठे टेकेल ते बरंचसं आधी दिसतं. आमचे आकडे ०.३३, ०.३३, ०.२५, ०.१७, ०.११, ०.०७. सर्व्हेअरने शाळेच्या आलेख वहीवर ठिपके टाकले, शेवटच्या तिनांवरून पट्टी धरली आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, ही तर दीड-दोन दिवसांत खाली येते."

नऊ आला त्याच दुपारी पंप वर गेला होता. चौदा आला त्या सकाळी मॅनेजरने कोणाला न विचारता सगळी खदान रिकामी केली. हॉल रोडवर दगडांचा आडवा बांध घातला, ब्लास्टिंग बंद केलं, महासंचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला कळवलं आणि मग वर फोन करून सांगितलं. या क्रमाबद्दल त्याला नंतर बरंच ऐकावं लागलं. मला तो क्रमच आवडला.

आता काय करायचं यावर त्या सकाळी ऑफिसात चार मतं होती. ब्लास्टरचं म्हणणं, वरून होल मारून ठोकळाच पाडून टाकू. पण त्यासाठी ड्रिल आणि पाच माणसं हलत्या ठोकळ्यावर उभी करावी लागली असती. फोरमन म्हणाला पायाशी दगडांचा भराव टाकू. तांत्रिकदृष्ट्या उत्तम उपाय, भेग दिसली त्या पहिल्या दिवसासाठी. त्या सकाळी डंपर त्या भिंतीखाली पाठवणं म्हणजे जुगार. फोनवरून कोणीतरी केबल बोल्ट (खडकात रोवून ताणायचे पोलादी दोर) सुचवले. मी पाठच्या पानावर हिशेब केला: भेग पूर्ण भरलेली धरून गुणांक १.२ वर न्यायचा तर भिंतीच्या दर मीटरला सत्तर-ऐंशी टनांचा ताण. चोवीस मीटरला किती ते त्यांनीच गुणून बघितलं आणि विषय संपला. राहिलं पाणी.

पोकलेन भेगेच्या मागे, डबक्याच्या पलीकडच्या पक्क्या जमिनीवर उभा केला. काळ्या मातीचा ढीग एका बाजूने फोडून ओहोळाला जुनी वाट दिली. पंप रात्रभर चालला. भेगेचं तोंड झाकायला मजुरांनी जवळची काळी माती आणायला सुरुवात केली, ती थांबवली. काळी माती सुकली की स्वतःच तडकते आणि पुढच्या पावसाला गाळणी होते. मुरूम पसरला, त्यावर ताडपत्री, तिच्या कडा दोन्ही बाजूंना पुरलेल्या. भेगेवर माणसं होती तोवर एक जण फक्त सळ्यांकडे बघत शिट्टी घेऊन उभा होता. कंबरेला दोर आणि दोराचं टोक मागच्या बाभळीला. ते तासभर मी आयुष्यात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायाशी बादली भरायला चार मिनिटं लागली. झिरपा एकदम बंद पडला असता तर मी उलट घाबरले असते. कारण कधी कधी सरकता थर आपलीच वाट चिणून टाकतो आणि पाणी आत साठत राहतं. हा हळूहळू आटत होता. सळ्या: तेरा, नऊ, पाच, तीन, दोन, एक. आलेख वहीवरची रेघ शून्यापासून परत वर वळली. सर्व्हेअरने त्या पानाचा फोटो मला नंतर दिवाळीच्या शुभेच्छांसोबत पाठवला होता.

कोसळलं नाही, म्हणून भीती खोटी होती असंही काही जण म्हणाले. अमेरिकेतल्या युटामध्ये बिंगहॅम कॅन्यनच्या तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ ला साडेचौदा कोटी टनांच्या आसपास भिंत खाली आली आणि एकालाही खरचटलं नाही, कारण मोजमापं बघून आधीच सगळ्यांना काढलं होतं. तिथे भीती खरी ठरली. दोन्हीकडे माणसांनी केलेलं काम सारखंच होतं.

मग ती भिंत

नोव्हेंबरात भेग कोरडी होती. ठोकळा वरून, तीन-तीन मीटरच्या कापांनी काढला, लांब हाताच्या पोकलेनने, भेगेच्या मागच्या बाजूला उभं राहून. निघाला तो सगळा चांगला दगड, क्रशरला गेला. ज्यासाठी बर्म खाल्ला होता तो दगड अखेर मिळालाच.

पुढची भिंत किती अंशांची ठेवायची यावर मात्र वाद झाला. माझं म्हणणं होतं की या कोपऱ्यात थराच्याच उताराने, अठ्ठावीस अंशांनी कापा, म्हणजे थराचं टोक कुठेच उघडं पडत नाही. अठरा मीटर उंचीला त्यासाठी पायापासून चौतीस मीटर मागे जावं लागतं, म्हणजे जुन्या काठापासून एकोणतीस. लीजची हद्द काठापासून चाळीस मीटरवर, त्यातले साडेसात मीटर हद्दीलगत सोडायचे. राहिले साडेबत्तीस. साडेतीन मीटर शिल्लक ठेवून बसलं, नशिबाने. पण खदान आणखी खोल गेली की दर नऊ मीटरला पाय सतरा मीटर आत घ्यावा लागणार, आणि त्या उताराखालचा दगड कायमचा सोडावा लागणार. साठ्याच्या हिशेबातून तो दगड वजा करायला वरच्या ऑफिसला चार महिने लागले. मॅनेजरने भांडून करवून घेतलं. "आईला सांगू नका ताई, पण या वेळी राजीनामा खिशात होता," तो म्हणाला.

शेजारच्या भिंतीत, धोका नाही अशा जागेवरून, वीस मीटर लांबीचे तीन होल किंचित वर चढते मारून त्यांत छिद्रांचे पीव्हीसी पाइप बसवले आहेत. पावसाळ्यात त्यांतून धार लागते. मधला पाइप पहिल्याच वर्षी गाळाने बुजला, तो दर मेमध्ये धुवावा लागतो.

नकाशावर आता बाण आहेत. सर्व्हेअर दर ब्लास्टनंतर नव्या फेसवर जाऊन नती घेतो, आणि बाण लाल शाईने काढतो कारण काळी शाई आधीच कॅल्शियम ऑक्साइडने व्यापलेली आहे. पूर्वेच्या कोपऱ्यातही मागच्या उन्हाळ्यात थर अकरा अंशांवर आलेला दिसला. तिथे दिशा नोंदवलेले दोन बोअर मागितले होते. एक झाला आहे.